आधी दुरुस्ती, मग विमान

२८ एप्रिल २०२५ ला भारताने फ्रान्सबरोबर २६ राफेल-एम विमानांचा करार केला आणि आमच्या घरात दोन तट पडले. विमानं नौदलाची, जहाजाच्या डेकवरून उडणारी. २२ एकआसनी, ४ दोनआसनी. किंमत सुमारे ६३ हजार कोटी रुपये.

मामांचं म्हणणं, "विक्रांतसारखं जहाज आपण कोचीत बांधलं, चंद्रावर यान उतरवलं, मग त्या जहाजावर उतरणारं विमान तेवढं फ्रान्सकडून का? लाज वाटायला हवी."

दादाच्या मुलाचं बरोबर उलट. "आत्या, दारात चांगलं दूध येतंय तर म्हैस कशाला पाळायची? शेण कोण काढणार?"

दोघांनी मला पंच नेमलं. कारण काय, तर घरात मायक्रोमीटर हातात धरणारे दोघेच, दादा आणि मी, आणि दादा वादात पडत नाही. तेव्हा घाईत उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नव्हता. म्हणून आज सविस्तर लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझं मत आधीच सांगून टाकते. विमान बनवावं की विकत घ्यावं, हा पहिला प्रश्न नाहीच. पहिला प्रश्न असा, की जे विमान आज आपल्या डेकवर उभं आहे ते बिघडलं तर आपल्याला उघडता येतं का? कुठला भाग का गेला हे समजतं का? तो भाग इथे घडवून ते परत उडवता येतं का? हे येत असेल तर आज ना उद्या विमानही येईल. हे येत नसेल तर कारखान्यावर पाटी कुठलीही लावा, आपण गिऱ्हाईकच.

आता हे सांगणारी मी कोण? विमान क्षेत्रातली मी नाही. पिरंगुट ओलांडून पौडकडे निघालं की कासार आंबोली लागतं, तिथे दादाचं आणि माझं छोटं वर्कशॉप आहे. तीन सीएनसी लेथ, दोन व्हीएमसी आणि एक जुनी हातलेथ, जी दादा कुणालाही विकू देत नाही. गाड्यांचे आणि पंपांचे भाग करतो. इन्स्पेक्शन आणि हिशेब माझ्याकडे. गावाच्या नावातच कासार आहे, म्हणजे धातू घडवणारा, त्यामुळे आपण अगदीच परक्या धंद्यात नाही अशी मी मनाची समजूत घालते :)

तर मुद्द्यावर येते. नौदलाचं विमान हवाई दलाच्या विमानापेक्षा इतकं वेगळं का? दिसायला सारखंच तर असतं.

फरक उतरताना पडतो. जमिनीवरचं विमान दोन-अडीच किलोमीटरच्या धावपट्टीवर अलगद टेकतं. जहाजावर ती चैन नाही. वैमानिक विमान डेकवर अक्षरशः आदळवतो. शेपटीखालचा हूक डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी दोरात अडकतो आणि ताशी २०० किलोमीटरहून जास्त वेगाने आलेलं विमान सुमारे ९० मीटरच्या आत, दोन-तीन सेकंदांत थांबतं. खाली येण्याचा वेग साध्या विमानाच्या दुपटीहून जास्त. तो सगळा दणका चाकांचे पाय, त्यातल्या पिना, बुश, सील आणि सांगाड्याचे जोड यांनी सोसायचा. एकदा नाही, शेकडो वेळा.

आणि दुसरा शत्रू म्हणजे खारी हवा. मुळशीच्या पावसाची ज्यांना कल्पना आहे त्यांना हे लगेच कळेल. आषाढात आमच्याकडे साध्या पोलादाचा बार तेल न लावता शेडच्या कडेला राहिला तर तीन दिवसांत तांबूस होतो. इथे तर नुसतं पावसाचं पाणी. डेकवर मीठ, बाराही महिने. वायरींच्या जोडांत, बेअरिंगमध्ये, रिव्हेटच्या डोक्याखाली ते जाऊन बसतं.

म्हणजे नौदलाच्या विमानात सतत झिजणारे, गंजणारे, बदलावे लागणारे भाग फार. विकत घेतलेल्या विमानाचा खरा खर्च आणि खरं परावलंबन इथे असतं. विमान एकदाच विकत घेतो, भाग तीस वर्षं विकत घेत राहतो.

याचं उदाहरण कल्पनेतलं नाही. राफेलच्या आधी आपण रशियाकडून मिग-२९के घेतली, एकूण ४५. पहिली २०१० मध्ये नौदलात आली. कॅगने २०१६ च्या अहवालात त्यांचा हिशेब मांडला. एकआसनी विमानांची उड्डाणसज्जता १६ ते ३८ टक्क्यांच्या दरम्यान. म्हणजे दहा विमानं असतील तर एखाद्या दिवशी दोन, फार तर चार उडण्याजोगी. २०१० पासून ४० इंजिनं आराखड्यातल्या दोषांमुळे सेवेतून काढावी लागली किंवा नाकारली गेली. डेकवर उतरण्याच्या दणक्याने भाग बिघडत होते, ते वेगळंच. आमच्या भाषेत सांगायचं तर मशीन आलं, पण आठवड्यातले चार दिवस उभं.

आणि कधी कधी विकणारा नुसता उशीर करत नाही, तोंडच फिरवतो. मे १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध घातले. आपल्या नौदलाची सी किंग हेलिकॉप्टरं ब्रिटिश, पण त्यात अमेरिकन भाग होते. सुटे भाग अडले आणि हेलिकॉप्टरं जमिनीवर बसली. त्याच वेळी तेजसच्या उड्डाण-नियंत्रण प्रणालीवर अमेरिकेत काम करणाऱ्या आपल्या इंजिनिअरांना परत पाठवलं गेलं. उरलेलं काम बंगळूरला आपल्याच लोकांनी पुरं केलं.

इतिहासाची आवड असणाऱ्यांना एक जुनी गोष्ट आठवेल. शिवाजी महाराजांनी १६५९ च्या सुमारास कल्याण-भिवंडीकडे आरमार बांधायला घेतलं तेव्हा जहाजं बांधणारे कसबी लोक पोर्तुगीज होते, रुय लैताव व्हिएगस आणि त्याची माणसं. हे आरमार उद्या आपल्यावरच येईल हे पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या लक्षात आलं, त्यांनी सूत्रं हलवली आणि ही मंडळी गुपचूप काम सोडून निघून गेली. आरमार मात्र थांबलं नाही, वाढतच गेलं. शेजारी उभं राहून बघणारे आणि हात चालवणारे स्थानिक सुतार-लोहार होते म्हणूनच ना? २ सप्टेंबर २०२२ ला विक्रांत नौदलात आली त्या दिवशी नौदलाच्या ध्वजावर महाराजांच्या मुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला. तो बघताना मला तोफा-तलवारींपेक्षा ते नाव नसलेले सुतार आठवले.

बरं, मग दुरुस्तीतून खरंच विमान बनवता येतं का? की हे वर्कशॉपवालीचं स्वप्नरंजन?

याचं उत्तर आपल्याच माणसांच्या चरित्रात आहे. वालचंद हिराचंद हे नाव आपल्याला माहीत असतं ते वालचंदनगरमुळे. आपल्याच पुणे जिल्ह्यातलं, इंदापूर तालुक्यातलं. सोलापूरचा हा माणूस. त्याने डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या मदतीने बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट काढली आणि १९४१ मध्ये विशाखापट्टणमला सिंदिया कंपनीच्या जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी झाली. विमान आणि जहाज, दोन्ही एकाच माणसाच्या डोक्यात, तेही इंग्रजांच्या राज्यात! विक्रांतच्या डेककडे बघताना खरं तर त्यांचा फोटो डोळ्यांसमोर यायला हवा.

पण पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. युद्ध पेटलं, १९४२ मध्ये सरकारने कारखाना ताब्यात घेतला, मग अमेरिकन सैन्याने तिथे दुरुस्तीचं केंद्र केलं. नवीन विमानं बनवणं मागे पडलं. वरवर बघितलं तर स्वप्न मोडलं. प्रत्यक्षात काय झालं? दोस्तराष्ट्रांची विमानं तिथे दुरुस्तीला येऊ लागली. समुद्रावर टेहळणी करणारी कॅटालिना विमानं, पाण्यावर उतरणारी, बेल्लंदूरच्या तळ्यात उतरून कारखान्यात येत. हजारो हातांनी विमानं उघडली, पत्रे काढले, रिव्हेट मारले, इंजिनं खोलली आणि बसवली. शाळा म्हणतात ती ही.

त्या शाळेतून काय बाहेर पडलं? डॉ. विष्णु माधव घाटगे. कोल्हापूरकडचे, जर्मनीत गटिंगेनला प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केलेले, हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या सुरुवातीच्या दिवसांपासून तिथे असलेले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली एचटी-२ हे शिकाऊ विमान तयार झालं आणि १९५१ मध्ये उडालं. आराखडा आपला, हात आपले. पुढे १९६४ मध्ये त्यांच्याच काळात किरण हे जेट शिकाऊ विमान उडालं. ही दोन्ही विमानं हवाई दलाबरोबर नौदलानेही वापरली. गोव्याच्या दाबोळीला नौदलाच्या कितीतरी वैमानिकांचे हात किरणवर बसले.

क्रम बघा. आधी दुरुस्ती, मग साधं शिकाऊ विमान, मग जेट. कुणीही एकदम पाचव्या पायरीवर उडी मारलेली नाही.

पुण्याच्या मोटारधंद्याचंही तेच झालं, आणि हे तर आपल्या डोळ्यांसमोर. सुमंत मुळगावकरांनी १९६६ च्या सुमारास टेल्को पिंपरीला आणली तेव्हा आधी काय उभं केलं? टूल रूम, प्रशिक्षण, संशोधन केंद्र. पुण्यात बनलेला पहिला ट्रक बाहेर पडला १९७७ मध्ये. अकरा वर्षं! आज कोण थांबेल इतकं? पण त्या थांबण्यातून भोसरी, चाकण आणि आमच्या पिरंगुटसारख्या पट्ट्यांत शेकडो वर्कशॉपं उभी राहिली. १९९८ मध्ये इंडिका आली ती अशी तीस वर्षांच्या हातांवर.

मग विमानात हे का झालं नाही? माझ्या मते दोन कारणं. खंड आणि संख्या.

खंड म्हणजे काय ते सांगते. मरुत हे आपलं लढाऊ विमान जून १९६१ मध्ये उडालं. १४७ बनली. मनासारखं इंजिन कधी मिळालं नाही, आणि १९९० मध्ये ते निवृत्त झालं. त्यानंतरच्या आपल्या लढाऊ विमानाला, म्हणजे तेजसला, मंजुरी १९८३ ची आणि पहिलं उड्डाण ४ जानेवारी २००१ ला. दोन पहिल्या उड्डाणांमध्ये चाळीस वर्षं. मरुतवर ज्यांनी पेन्सिल धरली ते तोवर घरी नातवंडं खेळवत होते. ज्ञान कागदावर असतं असं आपण म्हणतो, पण निम्मं हातात असतं आणि हात निवृत्त होतात.

संख्येचा अनुभव मात्र आमच्या शेडमधलाच आहे. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या कंपनीने (नाव नको) हेलिकॉप्टरला लागणाऱ्या एका बुशचे आठ नमुने करून मागितले. आम्ही हरखून गेलो. धातू कुठल्या भट्टीच्या कुठल्या घाणातला, त्याचं प्रमाणपत्र. प्रत्येक नगाचं प्रत्येक माप लिहून. हीट ट्रीटमेंट दुसरीकडे, त्याचा वेगळा कागद. फाइल बुशपेक्षा दसपट जड झाली. आमचा सेटर, इथल्याच गावचा मुलगा, तीन आठवडे त्या जॉबवर अक्षरशः झोपला. नमुने पास झाले. आम्ही पेढे वाटले.

मग सतरा महिने काहीच नाही. फोन केला की "प्रोसेसमध्ये आहे." सतराव्या महिन्यात ऑर्डर आली, वीस नगांची. पैसे आणखी पाच महिन्यांनी. तोवर सेटर चाकणला निघून गेला होता, गाड्यांच्या कामावर, जास्त पगारावर. त्याला दोष देऊ शकत नाही, घरी दोन बहिणी लग्नाच्या. पण ते बुश करायचं कसब त्याच्याबरोबरच गेलं. दादाने स्वतः हातलेथवर उभं राहून वीस नग काढले. म्हणून ती लेथ विकायची नाही!

आमच्याकडे एक सेटर गेला. मरुतनंतर देशाची पिढी गेली. आकार वेगळा, रोग तोच.

आणि नौदलाची संख्या तर मुळातच लहान. २६ राफेल, ४५ मिग. एवढ्याशा विमानांसाठी स्वतंत्र कारखाना काढला तर तो उपाशी मरेल, हे दादाच्या मुलाचं म्हणणं अगदी खरं आहे. म्हणून फक्त नौदलासाठी वेगळा उद्योग असं काही उभं राहणारच नाही. तो हवाई दलाच्या, तटरक्षक दलाच्या आणि प्रवासी विमानांच्या कामावर उभा राहील, आणि त्यात हूक, डेकवरचे पाय, घडीचे पंख, गंजरोधक लेप एवढं नौदलाचं खास. महाराष्ट्रात याची माती तयार आहे. नाशिकजवळ ओझरला एचएएल १९६४ पासून आहे. मिग बनली, सुखोई बनली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथे बनलेलं पहिलं तेजस एमके-१ए उडालं. मुंढव्याची भारत फोर्ज बोइंगसाठी टायटॅनियमचं फोर्जिंग करते. नागपूरला मिहानमध्ये फाल्कन आणि राफेलचे भाग बनतात. आणि आमच्या रस्त्यावरच, चांदणी चौकाच्या अलीकडे पाषाण-सुतारवाडीला एचईएमआरएल आहे, डीआरडीओची प्रयोगशाळा. १८ मे २०२२ ला नौदलाच्या सी किंगवरून आपलं पहिलं हवेतून जहाजावर मारा करणारं क्षेपणास्त्र डागलं गेलं. त्या क्षेपणास्त्राच्या घडणीत या प्रयोगशाळेचा हात आहे. पूर्वी याच सी किंगवर ब्रिटिश सी ईगल क्षेपणास्त्र असायचं. निर्बंधांनी जमिनीवर बसवलेलं तेच हेलिकॉप्टर आपल्या क्षेपणास्त्राचं वाहन झालं, याची मला मोठी गंमत वाटते.

"मग नौदलाचं तेजस फसलं ते?" असा मामांचा हुकमी प्रश्न आहे. नीट बघू या.

नौदलाच्या तेजसचा पहिला नमुना २७ एप्रिल २०१२ ला उडाला. २० डिसेंबर २०१४ ला गोव्यात, दाबोळीच्या हंसा तळावर जहाजाच्या डेकसारखा चढ बांधलाय तिथून त्याने पहिली झेप घेतली. वैमानिक कमोडोर जयदीप मावळणकर. डिसेंबर २०१६ मध्ये नौदलप्रमुखांनी स्पष्ट सांगितलं की विमान जड आहे, पूर्ण शस्त्रं घेऊन जहाजावरून उडू शकणार नाही, नौदलाला ते चालणार नाही. वर्तमानपत्रांनी तिथेच श्राद्ध घातलं. पण चाचण्या थांबल्या नाहीत. १३ सप्टेंबर २०१९ ला त्याच तळावर हूक दोरात अडकवून ते उतरलं, आणि ११ जानेवारी २०२० ला मावळणकरांनीच ते विक्रमादित्यच्या डेकवर उतरवलं. दुसऱ्या दिवशी तिथून उडालंसुद्धा. ६ फेब्रुवारी २०२३ ला विक्रांतवर उतरलं.

हे विमान नौदलात येणार नाही. तरी मी त्याला फसलेलं म्हणणार नाही. दणका सोसणारे पाय कसे करायचे, हूकवर जोर किती येतो, उतरताना संगणकाने काय सांभाळायचं हे आता आपल्या लोकांच्या हातात आहे. तपासायचा तळ गोव्यात आहे. आमच्या भाषेत डेव्हलपमेंट नमुना पास झाला. आता प्रश्न तोच, ऑर्डर कधी? दोन इंजिनांचं पुढचं विमान, टीईडीबीएफ, अजून आराखड्यातच आहे. ते रेंगाळलं तर मला भीती वाटते ती त्या विमानाची नाही, त्या सेटरची. म्हणजे तुम्हाला कळलं असेल.

आता स्वदेशीच्या नावाने आंधळा उत्साहही नको. ५ जानेवारी २०२५ ला पोरबंदरला तटरक्षक दलाचं ध्रुव कोसळलं, तिघे गेले. ध्रुव आपलंच, एचएएलचं. रोटरच्या पात्यांचा कोन बदलणारी एक तबकडी असते, स्वॉश प्लेट, ती तुटल्याचं तपासात आढळलं. देशभरातली तीनशेहून जास्त ध्रुव जमिनीवर आली आणि महिनोन् महिने बसून राहिली. 'आपलं' म्हटल्याने धातू दमत नाही असं थोडंच आहे? इन्स्पेक्शनच्या टेबलावर बसून मी एवढं शिकलेय, की नगाला देशभक्ती कळत नाही. माप बसलं तर बसलं, नाही तर लाल डब्यात.

फरक एवढाच, की आपल्या वस्तूत दोष निघाला तर ती उघडायचा आणि आराखडा बदलायचा हक्क आपला असतो. कुणाच्या परवानगीची, कुणाच्या विमानतिकिटाची वाट बघावी लागत नाही. हा हक्क वापरायचा की फाइल बंद करायची, हे मात्र आपल्या चारित्र्यावर आहे.

म्हणून माझा हट्ट चार गोष्टींचा.

पहिली, राफेल घेताय तर घ्या, दहा वर्षं डेक रिकामं ठेवता येत नाही. पण सरकारी निवेदनात म्हटलंय की या करारात इंजिन, सेन्सर आणि शस्त्रांची दुरुस्ती भारतात, आणि आपली शस्त्रं बसवण्याचं तंत्रही. या ओळींचा पाठपुरावा विमानांच्या तारखांइतक्याच जोरात करा. विमान २०३० पर्यंत येतील. दुरुस्तीची शाळा त्याआधी उघडायला हवी.

दुसरी, ऑर्डरी एकत्र करा. संरक्षण खात्याने ऑगस्ट २०२० मध्ये सृजन नावाचं पोर्टल काढलं, आयात होणाऱ्या भागांची यादी तिथे बघता येते. चांगली गोष्ट. पण सुटे-सुटे चार नग मागण्यापेक्षा एकाच जातीचे बुश, सील, पाइप, फिल्टर तिन्ही दलांचे मिळून पाच वर्षांसाठी मागा. मग छोटा माणूस मशीन घेईल, पोराला शिकवेल, टिकवेल.

तिसरी, पैसे वेळेवर. यावर जास्त लिहीत नाही, रक्तदाब वाढतो.

चौथी, आराखडा करणाऱ्या लोकांचं काम कधीही शून्यावर येऊ देऊ नका. लहान ठेवा, पण अखंड ठेवा. विक्रांतचं पोलाद बघा. बाहेरून पोलाद मिळायला अडचण आली म्हणून डीएमआरएल आणि सेलने मिळून आपलं काढलं, आणि आता आपल्या युद्धनौका त्याच जातीच्या पोलादाच्या होतात. ते जमलं कारण विक्रांतनंतरही मागणी चालू राहिली.

शेवटचा मुद्दा आमच्या तालुक्याचा. मुळशीत 'देशाच्या प्रगतीसाठी' हे शब्द जरा जपून वापरावे लागतात. १९२१ मध्ये सेनापती बापटांनी इथे सत्याग्रह केला तो टाटांच्या धरणाविरुद्ध. वीज मुंबईला गेली, जमीन मावळ्यांची बुडाली. म्हणून स्वावलंबन म्हटलं की मी विचारते, 'स्व' म्हणजे कोण? फक्त दिल्लीतलं प्रदर्शन आणि मोठ्या कंपन्यांचे मोठे फलक असतील, तर ते स्वावलंबन पौड-घोटवड्याच्या आयटीआय झालेल्या पोरापर्यंत पोचणार नाही. त्याला गाड्यांच्या मंदीत ब्रेक मिळेल आणि तेजीत ओव्हरटाइम, बस. तो पोरगा दहा वर्षं एकाच प्रकारचं अवघड काम करत राहिला, त्याचा हात मुरला, त्याने पुढच्या दोघांना शिकवलं, तर मी म्हणेन की देशात विमानउद्योग आहे. मग विमानाच्या शेपटीवर नाव कुठलं का असेना.

इथून पुढे प्रजासत्ताक दिनाला वरून काय उडालं याकडे मी फारसं बघणार नाही. दोन आकडे बघेन. डेकवरच्या दहा विमानांपैकी रोज किती उडण्याजोगी असतात, आणि जी उभी आहेत ती कुणाच्या भागासाठी उभी आहेत. पहिला आकडा वाढला आणि दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात आपलीच गावं येऊ लागली, की समजायचं गाडी रुळावर आहे. भाग अडला तो कासार आंबोलीमुळे, असं कुणी कधी म्हणालं तर शिव्या खायलाही आमची तयारी आहे. निदान शिव्या मराठीत असतील, आणि उपाय आमच्या हातात.

असो. दादा हाक मारतोय, बॅच आलीय तपासायला.